उजवीकडचा बर्नर

सकाळी दहाच्या पेशंटचं तोंड उघडं होतं, दाढ बधिर झाली होती, वरचा दिवा बरोबर दाढेवर पडला होता आणि डॉक्टरबाईंच्या हाताला सुया लागत नव्हत्या. दाढेच्या मुळातली नळी साफ करायच्या बारीक, पिळाच्या सुया. त्यांनी खण पाहिला, निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा डबा पाहिला, मग जरा थांबून कान दिला. दवाखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडून खर्र खर्र असा आवाज येत होता आणि मधूनमधून कुणीतरी समाधानाने "हं" म्हणत होतं.

"दोन मिनिटं असेच राहा," त्या पेशंटला म्हणाल्या. पेशंटला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

मागच्या अंगणात त्यांचे यजमान, म्हणजे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आंघोळीच्या स्टुलावर बसले होते. समोर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर हातभर लांबीचा एक गंजका बर्नर आडवा पडला होता. त्याच्या भोकांत एकेक सुई घालून ते फिरवत होते.

"अहो, त्या माझ्या सुया आहेत."

"माहीत आहे. उत्तम पोलाद आहे. छप्पन्न भोकं झाली, चोवीस राहिली."

"आत माणूस आ वासून बसलाय."

"तू आत जे करतेस तेच मी बाहेर करतोय. तत्त्व एकच आहे. समजा, ही एक नळी आहे..."

प्राध्यापकांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होई. कॉलेजात मुलांनी त्यांचं नावच 'समजा सर' ठेवलं होतं. वर्षाच्या अखेरीपर्यंत मुलं बरंच काही समजून चालत आणि परीक्षेत तेच लिहीत.

"ठेवा आता तुमच्याकडेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या काही मी परत कुणाच्या तोंडात घालत नाही." आत जाऊन त्यांनी कपाटातलं नवं पाकीट फोडलं आणि पेशंटची माफी मागितली. पेशंटने डोळ्यांनीच मोठ्या मनाने माफ केलं.

हा बर्नर ज्या ग्रिलचा, ती त्यांच्या घरी आली होती मेहुण्याकडून. चाकांची, झाकणाची, तीन बर्नरची गॅसवर चालणारी ग्रिल. डॉक्टरबाईंच्या भावाने ती हौसेने घेतली, दोनदा वापरली आणि मग सहा वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली. आता नवी घेतली, तेव्हा जुनी भंगारात देण्याआधी त्याने रीत म्हणून बहिणीला फोन केला. "कुणाला हवी असेल तर बघ," एवढंच तो म्हणाला होता. फोन नेमका प्राध्यापकांनी ऐकला.

त्याच आठवड्यात कॉलेजने प्रयोगशाळेतली जुनी उपकरणं निकालात काढली होती आणि त्यावर स्टाफरूममध्ये प्राध्यापक पाऊण तास बोलले होते. वस्तू टाकून द्यायची वृत्ती ही विचार टाकून द्यायची वृत्ती आहे. दुरुस्ती हा संस्कार आहे. जो बिघाडाच्या मुळाशी जातो तोच खरा शिकलेला. प्राचार्यबाई समोरच बसल्या होत्या, म्हणून पाऊण तास; नाहीतर वीस मिनिटांत आटोपलं असतं. उपप्राचार्यांची जागा रिकामी होती. प्राध्यापक या जागेची अकरा वर्षं वाट बघत होते आणि या अकरा वर्षांत ती दोनदा भरली जाऊन तिसऱ्यांदा रिकामी झाली होती. यावेळी शर्यतीत दोघंच उरले होते, ते आणि रसायनशास्त्राचे सर. हे सर अबोल, सावळे, हाताला सदैव कसलातरी डाग असलेले गृहस्थ. आपण शर्यतीत आहोत हे त्यांना कुणीतरी सांगावं लागलं होतं.

भाषण संपल्यावर रसायनचे सर एवढंच म्हणाले होते, "बरोबर आहे. पण दुरुस्त करणार कोण?"

तेव्हा प्राध्यापकांनी प्राचार्यबाईंकडे पाहत जाहीर केलं, "मॅडम, येत्या रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला या. सर, तुम्हीही या. भंगारात निघालेल्या ग्रिलवर मी स्वतः भाजून वाढतो."

प्राचार्यबाईंनी डायरी उघडली आणि लिहून घेतलं. त्या लिहून घेतात तेव्हा माणसाने सावध व्हावं, असं कॉलेजात सगळे जाणून होते.

ग्रिल घरी आली तेव्हा शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "खिडक्यांना लावताय का?" प्राध्यापकांनी त्यांना समजावून सांगितलं. आजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "घरात शेगडी आहे ना तुमच्या?"

बाहेरचं काम खरोखरच चांगलं झालं, ते मान्य करायला हवं. प्राध्यापकांनी सोमवार-मंगळवार तारेच्या ब्रशने गंज काढला, जाळ्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या, झाकणाला काळा रंग दिला. ग्रिल अशी दिसू लागली की मेहुण्याने पाहिली असती तर त्याला आपली नवी घेतलेली टोचली असती. बुधवारी सुयांनी भोकं साफ झाली. बुधवारी संध्याकाळी सिलिंडर जोडला, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गॅस गळत नाही याची खात्री केली आणि काडी लावली.

डावीकडचा बर्नर पेटला. निळी, एकसारखी ज्योत.

मधला पेटला, पण पिवळा. ज्योत आजारी माणसासारखी मान टाकून इकडेतिकडे डुलत राहिली आणि नव्या रंगाच्या झाकणावर काजळी धरली.

उजवीकडचा पेटलाच नाही.

"उजवीकडच्याचं काय झालंय?" डॉक्टरबाईंनी खिडकीतून विचारलं.

"दाबाचा प्रश्न आहे," प्राध्यापक म्हणाले.

"नळीत काही अडकलंय का बघा की."

"नळी स्वच्छ आहे. ऐंशी भोकं मी स्वतः मोजून साफ केलीत."

"भोकं झाली. मी मागचं म्हणतेय, गॅस आत शिरतो ते तोंड."

प्राध्यापक हसले. पहिल्या बाकावरच्या मुलाने भाबडा प्रश्न विचारला की ते हसत, तसं. "समजा, तिथे अडथळा असता तर प्रवाहाचा वेग वाढला असता. हा मूलभूत नियम आहे."

नियमाने काही बर्नर पेटला नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला प्राध्यापकांनी गुरुवारी पहाटेपासून सुरुवात केली. रबरी नळी बदलली. रेग्युलेटर बदलला. सिलिंडर बदलला, घरातल्या स्वयंपाकाचा सिलिंडर त्यासाठी बाहेर आणला आणि चहा इलेक्ट्रिक किटलीत झाला. काही फरक पडला नाही. तेव्हा त्यांचं लक्ष नॉबच्या मागे असलेल्या छोट्या पितळी जेटकडे गेलं. त्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं एक भोक असतं आणि सगळा गॅस त्यातून येतो. एवढ्याशा भोकातून गॅस पुरणार कसा, हे त्यांना पटेना. भोक ज्याने पाडलं त्याने काही विचार करून पाडलं असेल, हेही त्यांना पटेना. दवाखान्यातल्या सुयांपैकी सर्वात जाड सुई घेऊन त्यांनी मधल्या आणि उजव्या जेटचं भोक मोठं केलं.

मग झाकण बंद होतं हे विसरून त्यांनी उजवा नॉब सोडला, आणि काडी शोधायला खिसे चाचपू लागले. काडी डाव्या खिशात होती. सापडेपर्यंत दीड मिनिट गेलं. झाकण जरासं उचलून त्यांनी काडी आत धरली.

"भक्क" असा आवाज झाला. फार मोठा नाही. दवाखान्यातल्या पेशंटला वाटलं, डॉक्टरबाईंचं यंत्र बिघडलं. डॉक्टरबाई धावत मागे आल्या, तर प्राध्यापक जागच्या जागी उभे होते, हातात जळकी काडी, आणि त्यांची डावी भुवई नव्हती.

"डोळा उघडा. मिटा. परत उघडा," डॉक्टरबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून तपासला. भाजलं नव्हतं. "बास झालं हे. मिस्त्रीला बोलवा."

"कुणी मिस्त्री येणार नाही या घरात," प्राध्यापक म्हणाले. "मी स्टाफरूममध्ये बोललोय."

"तुम्ही काय बोललात ते भुवईला माहीत नव्हतं."

"उलट आता मला कळलंय काय चुकत होतं. गॅस फार घाईने सोडला जातोय. त्याला हळूहळू आत येऊ द्यायला हवं. समजा, नॉब एकदम न फिरवता एक सप्तमांश फिरवला, सात सेकंद थांबलो, मग पुढचा सप्तमांश..."

डॉक्टरबाई आत निघून गेल्या.

शुक्रवारी कॉलेजात भुवईने बराच गोंधळ घातला. एक भुवई नसल्यामुळे दुसरी कायम वर चढल्यासारखी दिसत होती, आणि प्राध्यापक समोरच्याच्या प्रत्येक बोलण्यावर अविश्वास दाखवताहेत असं वाटत होतं. मुलं उत्तर देता देता अडखळली. ग्रंथपालाने एका पुस्तकाबद्दल तीनदा स्वतःहून खुलासा केला. प्राचार्यबाईंनी मात्र जिन्यात गाठून फक्त विचारलं, "रविवार नक्की ना?"

"नक्की," प्राध्यापक म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नॉब सात सप्तमांशांत बारा वेळा फिरवला. डावा बर्नर बाराही वेळा पेटला. मधल्याने आता पिवळ्याऐवजी शेंदरी ज्योत काढली आणि काजळी पार कपडे वाळत घातलेल्या दोरीपर्यंत गेली. उजवा नुसता फुसफुसला. रात्री ते जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "अकरा वर्षं गं."

एवढ्या एका वाक्यावर डॉक्टरबाईंनी शनिवारी सकाळी, प्राध्यापक कॉलेजात गेल्यावर, शेगडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री दुपारी बारा वाजता आला. पन्नाशीचा, बारीक, घाईतला माणूस. गाडी बंद करतानाच कामाला लागल्यासारखा. त्याने उजवा बर्नर ओढून बाहेर काढला, मागच्या तोंडात बोट घातलं, आणि बोटाला लागलेली माती डॉक्टरबाईंना दाखवली.

"कुंभारमाशी," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं बंद पडलेलं दिसलं की हिची वस्ती झालीच. बघा आता." तार घालून त्याने नळीतून सुपारीएवढी मातीची चार घरं बाहेर पाडली. मधल्या बर्नरमधून दीड निघालं. मग त्याने दोन्ही जेट डोळ्यासमोर धरून उजेडात फिरवून पाहिले.

"हे भोक कुणी मोठं केलं?"

"आमच्याकडे एक जाणकार आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"त्यांना सांगा, जिवावर बेतलं असतं. जेटला हात लावायचा नसतो कधी." त्याने पिशवीतून दोन नवे जेट काढून बसवले, झाकण पूर्ण उघडून तिन्ही बर्नर लावले. तिन्ही निळे. सगळं मिळून वीस मिनिटं लागली आणि त्यातली पाच चहाची होती.

डॉक्टरबाई नवऱ्याला सांगणारच होत्या. पण प्राध्यापक कॉलेजातून आले ते कपडेही न बदलता थेट अंगणात गेले, आणि नॉब एक सप्तमांश फिरवून, डोळे मिटून, सात आकडे मोजू लागले. सातव्या सप्तमांशाला तिन्ही बर्नर पेटले. प्राध्यापकांनी डोळे उघडले. ते इतके हरखले की डॉक्टरबाईंना वाटलं, राहू दे, उद्या सांगू. मग प्राध्यापक त्यांना स्वयंपाकघरात गाठून मंद प्रारंभाचा सिद्धांत सांगू लागले. पंचवीस मिनिटांनी डॉक्टरबाईंना परत सांगावंसं वाटलं, पण आता वेगळ्या कारणाने. तेवढ्यात दवाखान्याची घंटी वाजली आणि ते राहून गेलं.

रविवारी प्राचार्यबाई बरोबर साडेबाराला आल्या. रसायनचे सर त्यांच्या मागोमाग आले आणि अंगणातल्या खुर्च्या मांडू लागले. प्राध्यापकांनी एप्रन बांधला होता. त्यांनी सर्वांना ग्रिलसमोर उभं करून नॉब फिरवायला सुरुवात केली आणि प्रत्येक सप्तमांशाला थोडं थोडं बोलले. तिन्ही बर्नर पेटले. मक्याची कणसं, बटाट्याच्या चकत्या, ढोबळी मिरची, कांदे असं सगळं एकेक करून जाळीवर गेलं आणि खमंग भाजून उतरलं.

"लोक म्हणतात भाग बदला," प्राध्यापक चिमट्याने कणीस फिरवत म्हणाले. "मी म्हणतो, विचार बदला. मी एकही माणूस बोलावला नाही. बिघाडाच्या मुळाशी गेलो. हे एक उदाहरण झालं, पण संस्था चालवतानाही, मॅडम, समजा..."

ते तासभर बोलले. प्राचार्यबाई शांतपणे खात होत्या. डॉक्टरबाई ज्याच्या त्याच्या ताटात काहीतरी वाढत राहिल्या. वाढलेलं असलं तरी.

"उत्तम झालंय," रसायनचे सर कणसाचे दाणे सोलत म्हणाले. "मला वाटलं होतं नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने घर केलं असेल. आमच्या लॅबमधल्या बर्नरमध्ये सुट्टीत दरवर्षी करते. मी तार घालून काढतो."

प्राध्यापकांनी एका भुवईने त्यांच्याकडे पाहिलं. "इतकं सोपं असतं तर शास्त्राची गरज काय होती, सर?"

नेमकं तेव्हा फाटक वाजलं. मिस्त्री आत आला, माणसं बघून जरा थबकला आणि तिथूनच म्हणाला, "बाई, काल माझा पाना राहिला का इथे? आज दुसरीकडे काम निघालंय." कुणी काही बोलायच्या आत त्याने ग्रिलखालच्या फळीवरून पाना उचललाही. मग वाकून ज्योत बघितली. "नीट पेटतायत ना तिन्ही? उजव्यात माती फार होती. आणि त्या जाणकारांना सांगितलंत ना, जेटचं भोक मोठं करायचं नाही म्हणून?"

जाळीवर कांदा चरचरत होता. रसायनचे सर आपल्या कणसाकडे बघू लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या ना, जेवूनच जा," कारण त्यांना दुसरं काही सुचेना. मिस्त्रीने "नाही, घाईत आहे" म्हणत हात जोडले आणि तो गेलाही.

प्राध्यापकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. त्यांनी बायकोकडे पाहिलं, ग्रिलकडे पाहिलं, चिमटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग घसा खाकरला.

"तर मुद्दा हाच आहे, मॅडम," ते म्हणाले. "बिघाड ओळखणं एक आणि हात काळे करणं वेगळं. योग्य काम योग्य माणसाकडे जावं, यालाच मी मुळाशी जाणं म्हणतो. ते इथे झालं. कांदा घेणार?"

प्राचार्यबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी प्राध्यापकांकडे लक्षपूर्वक पाहिलं. मग पर्समधून डायरी काढली आणि एक ओळ लिहिली.

पाहुणे गेल्यावर प्राध्यापक रिकाम्या खुर्चीवर एप्रनसकट बसून राहिले. "तू मला सांगायला हवं होतंस," ते म्हणाले.

"सांगणार होते. तुम्ही बोलत होतात."

सोमवारी त्यांनी रजा टाकावी की काय याचा विचार केला, आणि रजा टाकली तर लोक काय समजतील याचाही केला. शेवटी गेले. दिवसभर खालमानेने शिकवलं. मुलांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांचा वर्षातला सर्वात चांगला तास झाला, कारण त्यात ते थांबत थांबत बोलले.

मंगळवारी प्राचार्यबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. उपप्राचार्यपदी नेमणुकीचं पत्र होतं.

प्राध्यापकांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, मला वाटलं होतं, रविवारनंतर..."

"रविवारपर्यंत मी रसायनच्या सरांचं नाव पाठवणार होते," प्राचार्यबाई म्हणाल्या. "सज्जन माणूस. पण पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. समितीने विचारलं की वाचनालयाचं छप्पर का गळतं, तर ते सांगतील, छप्पर गळतं. वर जाऊन बघूनही येतील. मला तसा माणूस त्या खुर्चीत परवडत नाही. तो वर्गात हवा, नाहीतर या कॉलेजात शिकवणार कोण?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं सगळं भांडं तुमच्याच अंगणात, सगळ्यांसमोर फुटलं. आणि तुम्ही पाच सेकंदांत ते तुमचंच धोरण होतं असं सांगितलंत. मनापासून सांगितलंत, हे महत्त्वाचं. त्याला गुण लागतो. तो शिकवून येत नाही."

प्राध्यापकांच्या कानात यातला 'गुण' हा शब्द तेवढा राहिला.

बाहेर व्हरांड्यात रसायनचे सर भेटले. त्यांनी प्राध्यापकांचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं. त्यांच्या चेहऱ्यावर, डोक्यावरचं गाठोडं उतरल्यासारखा आनंद होता. मग मुलं थांबली आहेत म्हणून ते घाईने प्रयोगशाळेत गेले.

घरी येताच प्राध्यापक थेट दवाखान्यात शिरले. दोन पेशंटच्या मधला वेळ होता. डॉक्टरबाई हात धूत होत्या. त्यांनी पत्र वाचलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, मग परत पत्र वाचलं.

"कशामुळे दिलं, काही बोलल्या?"

"निर्णयक्षमता," प्राध्यापक म्हणाले. "आणि प्रामाणिकपणाही असणार, त्यांनी तो शब्द वापरला नाही, पण 'मनापासून' म्हणाल्या. बरं, ऐक ना. आभाराचं पत्र द्यायला हवं. आजच. तू जरा चार ओळी लिहून दे, माझं डोकं आज ठिकाणावर नाही."

डॉक्टरबाईंनी हात पुसले. बाहेर पेशंट थांबला होता. औषधं लिहून द्यायच्या टेबलाशी उभ्या उभ्याच त्यांनी कोरा कागद ओढला आणि न खोडता सात-आठ ओळी लिहून त्यांच्यापुढे धरल्या.

प्राध्यापकांनी त्या वाचल्या. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. खाली लांबरुंद सही केली, कागद जरा दूर धरून परत पहिल्यापासून वाचला आणि पेनाला टोपण लावत समाधानाने म्हणाले, "शब्द बरे सुचले."